किक नसलेली गाडी

बाबा, परवा मी एक गाडी पाहायला गेले होते. लहानशीच, वापरलेली. विकणारे गृहस्थ बँकेतून रिटायर झालेले, इथलेच, वाशीमचे. गाडीवर जीव इतका, की माझ्याशी बोलता बोलता आरशावर फडकं मारत होते. मी काय केलं असेल? आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग मागे जाऊन जरा लांब उभी राहिले, मग पुढे येऊन बॉनेटवर तळहाताने दोन थापा मारल्या. ते दचकलेच. "मॅडम, हे काय करून राह्यले?" मी म्हटलं, "काही नाही हो, ओळख करून घेते." त्यांना काय कळणार! मला मात्र असं हसू फुटलं म्हणता, आणि त्या परक्या अंगणात तुम्ही माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात. पायजम्यावर खाकी कोट, हातात काठी, डावा पाय खांबासारखा ताठ. घरी येऊन चहा टाकला तो सगळा उतू गेला, कारण माझं लक्ष शेगडीकडे नव्हतं, शिरपूरला होतं. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि माझ्या हातून तुम्हाला हे पहिलंच पत्र.

आधी तुमच्या पायाचं. किन्हीराजा गावच्या त्या गाईचं नाव काढलं की आई कानांवर हात ठेवायची. तुम्ही गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरी सोडून वाशीमात स्वतःचा दवाखाना काढला होता, पण तो नावाला. खरा दवाखाना तुमच्या फटफटीवर होता. मागे औषधांची पेटी बांधायची, किक मारायची आणि निघायचं, आज किन्हीराजा, उद्या मानोऱ्याकडचे तांडे. त्या दिवशी गाय गाभण आहे का ते पाहायला तुम्ही तिच्या मागे उभे राहिलात आणि तिने अशी लाथ झाडली की तुमच्या डाव्या गुडघ्याची वाटीच फुटली. प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, गुडघा काही वाकेना. आणि फटफटीची किक नेमकी डाव्या पायाची! उजव्या पायाने मारून पाहिलीत, तर फटफटीसकट आडवे झालात. पोरंटोरं हसली नाहीत, हेच तुम्हाला लागलं. त्यानंतर फटफटी पोत्याखाली गेली आणि तुम्ही ओट्यावर.

ओट्यावरचे तुम्ही मला बघवत नव्हतात, बाबा. गावाहून माणूस येतो, उन्हातान्हात चालत आलेला. "डॉक्टरसाहेब, बैल उठून नाई राह्यला कालपासून." तुम्ही विचारता, "डोये कसे हायेत त्याचे?" तो गोंधळतो. "डोये? डोयेच हायेत जी." "अबे, पाणी येते का? लाल हायेत का?" "थे पाह्यलं नाई." तुम्ही औषध देता, आणि तो गेल्यावर कितीतरी वेळ रस्त्याकडे पाहत बसता. "पाह्यल्याबिगर कसं सांगू मी?" हे वाक्य तुम्ही दिवसातून कितीदा म्हणायचे. एस.टी. होती, पण ती डांबरी रस्ता सोडत नाही, आणि आजारी गाय काही फाट्यावर येऊन उभी राहत नाही. तुम्ही पुन्हा गावात गेला नाहीत तर तुम्ही त्या ओट्यावरच संपणार, हे आईला दिसत होतं आणि मलाही. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन घरी बसलेली. पाहुणे आले की पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर जायचं, गेले की रिकाम्या बश्या घेऊन आत यायचं, एवढंच माझं काम. आपण दोघंही त्या घरात बसून कंटाळलेलो होतो, फक्त तुम्ही ओट्यावर आणि मी स्वयंपाकघरात.

आणि मग चाचा आले. तुमचे सायकलच्या काळापासूनचे दोस्त, बसस्टँडमागे मोटारदुरुस्तीचं दुकान. कुठल्याही यंत्राबद्दल छातीठोक बोलायचे आणि निम्म्या वेळा चुकायचे, पण चुकल्यावर इतकं मनापासून हसायचे की माणूस रागवायचं विसरे. दारातूनच ओरडत आले, "साहेब, चीज हाये चीज! शिरपूरच्या शेठजीनं लहानी मोटार विकाले काढली. पेट्रोलचे भाव वाढले म्हून. आन् सुना, हिले किक नाई! चावी फिरवली का चालू!"

किक नाही! हे दोन शब्द घरात असे शिरले की विचारू नका. तुम्ही उठून उभे राहिलात, काठी न घेता. आई तव्यावरची भाकर विसरून बाहेर आली. "किक नाई म्हंता? मंग चालू कशी होते?" चाचांनी हवेत चावी फिरवून दाखवली. संध्याकाळपर्यंत आईने विहिरीवर सगळ्या बायकांना सांगून टाकलं होतं, "आमचे लोक आता बिनकिकीची गाडी घेऊन राह्यले." जणू मोटार नावाची वस्तू आमच्यासाठीच, किक काढून, नव्याने बनवली होती. त्या रात्री तुम्ही दोनदा जेवायला मागितलंत.

शिरपूरला जाताना एस.टी.त तुम्ही खिडकीशी, पाय मधल्या वाटेत पसरलेला, येणारा-जाणारा त्याला अडखळतो आणि तुम्ही प्रत्येकाला सांगता, "मोटार पाहाले जाऊन राह्यलो." मला का नेलंत, ते आई विचारत होती. तुम्ही म्हणालात, "माह्यानं वाकणं होत नाई. खालून पाहाले कोनी पाह्यजे का नाई?" पटलं तिला. मी माझी सगळ्यात जुनी साडी नेसले होते, आणि मनातून इतकी खूश होते की सगळ्यात नवी नेसल्यासारखी.

शेठजींचं घर मंदिराच्या वाटेवर, पुढे कापडाचं दुकान, बाजूला पडवी, आणि पडवीत ती. अगदी आजही दिसते मला! दुधाळ हिरवी, दोन दारांची, बसकी, आणि नाकाड असं की बॉनेट, मडगार्ड, दिवे सगळं एकत्र पुढे कलंडून उघडायचं. शेठजींनी ते उघडून दाखवलं तेव्हा तुम्ही खुदकन हसलात. "अरे वा! हे तं स्वतःच जबडा उघडते." देवदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांना वाशीमच्या स्टेशनवरून आणायला शेठजींनी ती ठेवली होती. माणूस गोड, पण विकणारा. "डॉक्टरसाहेब, वाशीमले जाऊन या अन् वापस या, पेट्रोलचा काटा जरा बी हालत नाई!" चाचांनी मान डोलावली. "मायलेज असंच पाह्यजे."

तुम्ही मात्र बॉनेटवर हात ठेवून उभे होतात. दोन थापा मारल्यात, मग हात तिथेच राहू दिलात. मला वाटलं, लाड करताहेत. "शेठजी," तुम्ही हळूच म्हणालात, "ऊन तं अजून पडवीत आलं नाई. मंग हे गरम काहून लागून राह्यलं?" शेठजी खोकले. सकाळीच जरा फिरवून आणली म्हणे. तुम्ही इतके हसलात, इतके हसलात! बैलबाजारात विकायच्या बैलाला पहाटे गूळ-पाणी पाजून तरतरीत करून आणतात ना, तसं त्यांनी गाडीला केलं होतं. "राहू द्या शेठजी, मले घाई नाई. थंडी होऊ द्या. मंग उठते का पाहू." शेठजीही हसायला लागले. पकडले गेल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही, उलट समोर जाणतं गिऱ्हाईक आलं म्हणून त्यांना चेव चढला. आत चहा सांगितला, मग जेवायलाच बसवलं, आणि जेवताना तुम्ही दोघं गाडीबद्दल चकार शब्द बोलला नाहीत. पीकपाणी, लग्नं, कुणाची म्हैस किती दूध देते, सगळं झालं. मी घास गिळत होते खरी, पण कान पडवीकडे. मनात नुसती प्रार्थना, उठ बाई, थंडीची उठ, एवढं माझ्या बाबांसाठी कर!

जेवण झालं. तुम्ही परत बॉनेटवर हात ठेवलात, मान हलवलीत. शेठजींनी चावी फिरवली. घर्रर्र, घर्रर्र, आणि गप्प. परत. गप्प. चाचा म्हणाले, "चोक वढा, चोक!" तिसऱ्यांदा ती खोकली, थरथरली, एक काळा ढेकर दिला आणि चालू झाली! मी टाळी वाजवली. शेठजींच्या घरच्या बायका दारात येऊन पाहू लागल्या, तरी मी टाळी थांबवली नाही. तुम्ही मागे जाऊन धूर पाहत होतात, जसं गुराचं शेण पाहायचं तसं, अगदी गंभीर चेहऱ्याने, नाकाजवळ हात हलवून वास घेत. "खोकते, पण कन्हत नाई," तुम्ही म्हणालात. चाचांना ते फार आवडलं. पुढे कित्येक वर्षं ते प्रत्येक इंजिनाबद्दल हेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगायचे.

मग माझी पाळी. "जा, खाली पाह्य. तेल ठिपकत असन तं सांग." मी पदर खोचला आणि गाडीखाली शिरले. शेठाणीबाई म्हणाल्या, "अवं माय, पोरगी खाली गेली नं!" खाली तेलाचा वास, चिखलाचे पापुद्रे, आणि एका ठिकाणी पत्रा इतका खाल्लेला की बोट घातलं तर आरपार. मी आतून ओरडले, "बाबा, इथं भोक आहे!" तुम्ही वरून गाडीतलं पायपुसणं उचललंत, आणि त्या भोकातून माझं बोट वर आलेलं पाहिलंत. बोट धरून हलवलंत जरासं. मी तिथे खाली धुळीत पाठ टेकून, वर माझं बोट तुमच्या हातात. इतका आनंद मला त्यानंतर कधी कधीच झाला असेल. चाचांनी निकाल दिला की भोक चांगलं, पावसाचं पाणी साचत नाही.

बाहेर आल्यावर तुम्ही तिला पडवीतून मैदानात न्यायला लावलीत. चाचा चालवत होते. तुम्ही मागून पाहिलंत, पुढून पाहिलंत, नांगरटीच्या कडेने नेऊन पाहिलंत. "मागचा डावा जरा वढते." चाचा म्हणाले भ्रम आहे तुमचा. तुम्ही म्हणालात, मी जन्मभर लंगडी ढोरं पाहिली आहेत. टायर बदलावा लागला पुढे, तुमचंच खरं निघालं. मग तुम्ही मला म्हणालात, "तू बस आत. ड्रायव्हरच्या जागी. सीट मागंपुढं होते का पाह्य." मी बसले. सीटच्या पाठीतून एक स्प्रिंग बाहेर आली होती, ती टोचली. सीट काही जागची हलेना, खालच्या पट्टीत गंज धरून ती कायमची बसली होती. "मंग तिथून पाय पुरतात का?" तुम्ही विचारलंत. शेठजी म्हणाले, "तिचे कायले पाहाता? चालवणार तुमी." तुम्ही म्हणालात, "हे बुटकी हाये. हिले पुरले तं मले पुरतीनच." शेठजींना पटलं. मलाही पटलं. "तिन्हीवर पुरतात? दाबून पाह्य." मी एकेक दाबलं. "पुरतात." "तिन्ही?" "तिन्ही, बाबा." तुम्ही मान हलवलीत आणि काठी टेकत शेठजींकडे गेलात.

किंमत कशी ठरली ते अजून कुणाला सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत. शेठजी खुर्ची मागवत होते, तुम्ही म्हणालात, "खुर्ची कायले? उपरणं काढा." दुकानदार माणूस, पण बैलबाजाराची रीत त्यांनाही ठाऊक. उपरण्याखाली दोघांचे हात गेले, आणि बोटं दाबून, सोडून, परत धरून बोलणं सुरू झालं. वर चेहरे असे कोरे की दोन माणसं वाट चुकून उभी आहेत. मधेच शेठजींनी हात काढायला बघितलं, तुम्ही सोडला नाहीत. मधेच तुम्ही हसलात. उपरणं हललं, थांबलं, आणि एकदम दोघांनी हात बाहेर काढून कपाळाला लावले. चाचा म्हणत होते, "अरे मोटार हाये ते, बैल नोहे!" पण कोण ऐकतंय. तो आकडा ना आईला कळला ना मला, आजपर्यंत. मी विचारलं, "कशी आहे बाबा गाडी?" तुम्ही म्हणालात, "चालते."

येताना चाचा चालवत होते, तुम्ही शेजारी पाय पसरून, मी मागे. भोकातून खालचा रस्ता पळताना दिसत होता, त्यातून येणारी धूळ माझ्या तोंडावर, आणि मी वेड्यासारखी हसत होते. तुम्ही प्रत्येक गुराख्याला हात करत होतात.

आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ! गल्ली गोळा झाली होती. आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. तुम्ही धुतलेला कोट घालून आलात, औषधांची पेटी मागच्या सीटवर ठेवलीत, काठी माझ्या हातात दिलीत आणि ड्रायव्हरच्या जागी बसलात. डावा पाय उचलून, दोन्ही हातांनी धरून, आत घेतलात. चावी फिरवली. पहिल्या झटक्यात चालू! लोक ओरडले. चाचा खिडकीशी वाकून म्हणाले, "आता क्लच दाबा, साहेब."

"कोनता?"

"डावा."

तुम्ही खाली पाहिलंत. चाचांनी खाली पाहिलं. मी खिडकीतून डोकं घातलं. तुमचा डावा पाय त्या पेडलाच्या बाजूला तसाच ताठ, बेफिकीर पडलेला. "अरे बाप्पा!" तुम्ही कपाळावर हात मारलात. "हा तं राह्यलाच!"

बाबा, त्यानंतर जो हशा उठला तो अजून माझ्या कानात आहे. आई तर हसावं का रडावं न कळून ओट्यावरच बसली. "इंजन पाह्यलं, चाकं पाह्यली, धूर हुंगला, भोकात बोटं घातली, अन् स्वतःचा पाय पाहाले इसरले! किक नाई, किक नाई करत आणली घरी! माय वं माय, काय करू मी ह्या मानसाले!" तुम्ही इतका पडलेला चेहरा करून बसला होतात की शेजारच्या म्हातारबुवांनी तुम्हाला पाणी आणून दिलं. "आता काय करता?" तुम्ही पुटपुटलात. "शेठजी तं वापस घेत नाई. हात लागले कपायाले." कुणी म्हणालं ड्रायव्हर ठेवा. तुम्ही म्हणालात, ड्रायव्हर ठेवला तर गुरांनी नाही, त्याच्या पगारानेच मला खायचं. तेवढ्यात चाचा म्हणाले, अगदी सहज, टोपी मागे सारत, "बेटीचे पाय पुरते ना. काल तं पाह्यलं आपुन."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, मग पोत्याखालच्या फटफटीकडे. आदल्या दिवशी कुणी नुसतं सुचवलं असतं की पोरीने मोटार चालवावी, तर तिने त्याला दारात उभं केलं नसतं. पण आता गाडी दारात, नारळ फुटलेला, लिंबं चाकाखाली, नवरा आत अडकलेला. "येक-दोन महिने," ती म्हणाली. "पाय बरा होईपर्यंत." मी काठी तिथेच टाकली, बाबा. टाकली म्हणजे काय, फेकलीच!

चाचांनी मला गुरांच्या बाजाराच्या मैदानावर शिकवलं. बाजार नसेल त्या दिवशी तिथे नुसते खुंटे असायचे, आणि चाचा म्हणायचे, "खुट्यायले बैल समज. बैल मेला तं तुह्या बापच इलाज करन." मी चार खुंटे उपटले. गिअर टाकताना गाडी अशी उड्या मारायची की चाचांची टोपी मागच्या सीटवर जायची. बाया पाण्याला जाता जाता थांबून पाहायच्या. मला लाज वाटायला हवी होती म्हणे. वाटलीच नाही! पाठीशी आईने शिवलेली उशी घेऊन, स्प्रिंग टोचते म्हणून, मी मैदानावर गोल गोल फिरत राहिले, आणि तुम्ही कडेच्या दगडावर बसून मागच्या डाव्या चाकाकडे पाहत राहिलात. पुढे अकोल्याला जाऊन लायसन्स काढलं. तपासणारे साहेब आधी तुम्हालाच बसवायला निघाले होते. तुम्ही काठीने माझ्याकडे दाखवलंत.

पहिली फेरी किन्हीराजाची. तुमचा हट्टच होता. गाडी वेशीत शिरली तेव्हा अख्खं गाव बाहेर. एक म्हातारी माझ्या खिडकीशी येऊन, तोंडाला पदर लावून म्हणाली, "डॉक्टर बाजूले बसला न् पोरगी हाकून राह्यली! बाप्पा, पाहा जमाना!" आणि मग माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तुम्ही उतरलात, काठी टेकत थेट त्या गाईच्या गोठ्यात. तिला कालवड झाली होती. गाईच्या पाठीवर दोन थापा मारल्यात आणि म्हणालात, "तुह्यापायी मोटार घेतली वं मी." मालक लाजून चूर. तुम्ही कालवडीचं तोंड वर उचलून डोळे पाहिलेत, खालची पापणी ओढून, आणि तुमचा चेहरा! ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहणारा तो माणूस पार नाहीसा झाला होता.

मग काय, फिरतच राहिलो आपण. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर रस्ता नसायचा, बैलगाडीच्या चाकोरीत दोन चाकं घालून मी गाडी न्यायची. तिकडेच एकदा गाडी मधोमध बंद पडली, आणि पेट्रोलचा काटा मात्र भरलेला! तेव्हा कळलं, शेठजी खोटं बोलले नव्हते. काटा खरंच हलत नव्हता, जन्मापासून चिकटलेला! तुम्ही हसून हसून खाली बसलात. कुणाचे तरी बैल जुंपून गाडी फाट्यापर्यंत ओढून आणली, तेव्हा तुम्ही आत बसून बैलांना आवाज देत होतात, आणि मी स्टिअरिंग धरून. त्यानंतर टाकीत घालून पाहायला आपण एक तुराटी गाडीतच ठेवली. एका लिटरला किती जाते ते तुम्ही त्या तुरीच्या काडीवर नखाने खुणा करून मोजायचे, आणि चांगलं निघालं की वाटेत मला पेरू घेऊन द्यायचे. आईचे एक-दोन महिने कधी संपलेच नाहीत. मला पुढे मानोऱ्याच्या शाळेत नोकरी लागली, ती घेतली ती गाडीच्या भरवशावर. सकाळी शाळा, दुपारी तुमची फिरती. लग्नही जमलं, आणि जमलं तेव्हा मी पोह्यांच्या बश्या नेल्या नव्हत्या, पाहुण्यांना स्टेशनवरून मीच आणलं होतं.

आणि ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले, बाबा. लग्नाकार्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, नातवंडांना झोपवताना. "आमचे बाबा मोटार पाहायला गेले आणि स्वतःचा पायच विसरले!" हमखास हशा. तुमच्यासमोरही सांगितली कितीदा. तुम्ही चेहरा पाडून बसायचे, त्या सकाळसारखाच, आणि लोक आणखी हसायचे.

आता ऐका. माझा डावा गुडघा गेल्या वर्षापासून दुखतो. फार नाही, वाकतो, पण क्लच दाबला की कळ जाते. म्हणून ही परवाची गाडी, हिला क्लचच नाही. ते गृहस्थ फोनवर "एक गाडी आहे" एवढं म्हणाले मात्र, मी पुढचं ऐकायच्या आधी विचारलं, "पेडल किती?" रंग नाही, किंमत नाही, मायलेज नाही. माझ्या गुडघ्यानेच विचारलं ते. दुखरा पाय असा असतो. जिना दिसला की आधी पाय मोजतो, पाट दिसला की आधी पाय विचारतो उठणार कशी. आणि मी त्या अंगणात बॉनेटवर थापा मारून, हसत, दार उघडून आत बसले, खाली दोनच पेडल पाहिले, आणि तिथे मला एकदम तुमचा आवाज ऐकू आला. "तिन्हीवर पुरतात? दाबून पाह्य. तिन्ही?"

तिन्ही! बाबा, तुम्ही तिसरं पेडल मोजलं होतंत! ज्या पायामुळे फटफटी सुटली, ज्याला रोज दोन्ही हातांनी उचलून खाटेवर ठेवायचे, तो पाय तुम्ही विसरलात? बॉनेटची ऊब ओळखणारा माणूस? अहो, मी त्या गृहस्थांच्या गाडीत बसून अशी जोराने हसले की त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. मग रडले. मग परत हसले. पोरीला मोटार शिकवतो म्हणाला असतात तर आईने, गल्लीने, सगळ्या वाशीमने तुम्हाला उभं चिरलं असतं. पाय विसरलेल्या माणसाला कोण काय म्हणणार? चाचाही सामील असणार, टोपी मागे सारत इतकं सहज ते कधीच काही बोलले नाहीत. आणि तुम्ही दोघं ते मनात ठेवूनच गेलात! मी ती गोष्ट सांगून तुमच्यावर लोकांना हसवत होते आणि तुम्ही समोर बसून चेहरा पाडत होतात. काय नाटकी माणूस होतात हो तुम्ही! परवापासून मी घरात नुसती येरझारा घालते आहे, ज्याला त्याला फोन करून सांगते आहे, आणि सांगायला हवं त्याचा नंबर माझ्याकडे नाही.

गाडी मी घेतली. हे पत्र तिच्याच कप्प्यात ठेवीन, तुराटीची सवय म्हणून. आणि आता सगळंच बोलते आहे तर माझंही एक राहिलं आहे. त्या दिवशी शिरपूरला तुम्ही विचारलं होतं, पाय पुरतात का, आणि मी म्हटलं होतं, पुरतात. पुरत नव्हते, बाबा. मी सीटच्या पार टोकावर सरकून बसले होते आणि अंगठ्यांनी दाबत होते. पाठीशी घ्यायचे ती उशी स्प्रिंगसाठी नव्हती.